विद्यापीठाचा शालेय बँड महोत्सव: पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे नाही

अमेरिकेत हिवाळा ओसरू लागला की अनेक विद्यापीठांचे संगीत विभाग शाळांच्या कॉन्सर्ट बँडसाठी, म्हणजे मंचावर बसून वाजवणाऱ्या फुंकवाद्यांच्या आणि तालवाद्यांच्या ताफ्यांसाठी, महोत्सव भरवतात. बस भरून मुलं येतात, एका मोठ्या सभागृहात दोन-तीन रचना वाजवतात. परीक्षक ऐकतात आणि टिपणं देतात. मग विद्यापीठातला एखादा अनुभवी कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून बँड चालवणारा, त्याच बँडला हाताशी घेऊन वीस-पंचवीस मिनिटं काम करतो, त्याला क्लिनिक म्हणतात. मुलं मध्यंतरात इतर शाळांचे बँड ऐकतात आणि संध्याकाळी परततात. हे परीक्षण एखाद्या एकाच महोत्सवाचं नाही, या साऱ्या प्रकाराचं आहे. बँड डायरेक्टरला, म्हणजे शाळेचा बँड शिकवणाऱ्या शिक्षकाला, आणि बसचा खर्च, जेवणाचे डबे, वाद्यांची ने-आण सांभाळणाऱ्या पालकांना नाव नोंदवण्याआधी जे माहीत असायला हवं, ते इथे मांडलं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नोंदणीची रक्कम, बस, एक बुडालेला शाळेचा दिवस या सगळ्याची खरी भरपाई क्लिनिकमध्ये होते. दुसऱ्या क्रमांकावर सभागृह, तिसऱ्यावर परीक्षकांची ध्वनिमुद्रित टिपणं. श्रेणी आणि फलक सगळ्यात शेवटी. ज्या महोत्सवात क्लिनिक नाही किंवा नुसतं नावापुरतं आहे, तिथे जाण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातल्या स्पर्धेला जावं.

या प्रकाराची मुळं जुनी आहेत. १९२३ मध्ये शिकागोत शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिच्यामागे वाद्यनिर्मात्यांचा पुढाकार होता. तिथे क्रमांक लावले जात: पहिला, दुसरा, तिसरा. १९३०च्या दशकात क्रमांकाऐवजी श्रेणी देण्याची पद्धत रुळली, म्हणजे दहा बँड चांगले वाजवले तर दहाही वरच्या श्रेणीत जाऊ शकतात. विद्यापीठांनी यात शिक्षणाची बाजू आणली. इलिनॉय विद्यापीठात १९०५ ते १९४८ बँडची धुरा सांभाळणाऱ्या ऑस्टिन हार्डिंग यांचं नाव यात पहिल्या फळीत येतं. शाळेच्या डायरेक्टरांनी विद्यापीठात यावं, चांगला बँड ऐकावा, शिकून जावं ही कल्पना त्यांच्या काळात रुजली. त्याच विद्यापीठाचा सुपरस्टेट महोत्सव आजही क्रॅनर्ट सेंटरच्या फॉलिंगर ग्रेट हॉलमध्ये होतो. सिरिल हॅरिस यांनी ध्वनिरचना केलेलं, दोन हजारांवर आसनांचं ते सभागृह आहे. शाळेच्या जिममध्ये वाजवणाऱ्या मुलांना अशा जागी बसायला मिळणं हीच मोठी गोष्ट.

वेळापत्रक कसं वाचायचं

बहुतेक ठिकाणी दर अर्ध्या तासाला एक बँड मंचावर येतो. म्हणजे आपला बँड वॉर्म-अपच्या खोलीत असतो तेव्हा आधीचा मंचावर आणि त्याच्या आधीचा क्लिनिकमध्ये. ही साखळी एका ठिकाणी दहा मिनिटं रेंगाळली की पुढच्या सगळ्यांची वेळ खाते, आणि कात्री लागते ती नेमकी क्लिनिकला. म्हणून आयोजकांना पहिला प्रश्न हा विचारावा: मंच बदलायला किती मिनिटं धरली आहेत? अर्ध्या तासात वाजवायला पंचवीस मिनिटं आणि बदलायला पाच, असं उत्तर आलं तर सावध व्हावं. साठ मुलांचा बँड उतरवून दुसरा चढवायला, खुर्च्या-स्टँड हलवायला पाच मिनिटं पुरत नाहीत. वाजवणं आणि टाळ्या मिळून अठरा ते वीस मिनिटांत बसेल असाच कार्यक्रम निवडावा, म्हणजे धावपळ होत नाही.

मंचाचा आराखडा आठवडे आधी पाठवायचा असतो. इथे एक चूक इतक्या वेळा होते की तिचा वेगळा उल्लेख हवा. आराखडा कंडक्टरच्या बाजूने काढला आहे की प्रेक्षकांच्या, हे कुणी लिहितच नाही. मग डावीकडचे ट्यूबा, म्हणजे खालच्या सुरांची सगळ्यात मोठी पितळी वाद्यं, उजवीकडे मांडले जातात आणि मुलं मंचावर येऊन गोंधळतात. कागदावर खालच्या कडेला 'कंडक्टर इथे' असा बाण काढावा आणि प्रत्येक ओळीत किती खुर्च्या, किती स्टँड हे आकड्यांत लिहावं. दोन मुलं एका स्टँडवर वाचणार असतील तर तेही लिहावं. तालवाद्यांच्या मागे विजेचं सॉकेट लागणार असेल, म्हणजे इलेक्ट्रिक कीबोर्ड किंवा ध्वनिमुद्रित भाग असेल, तर ते त्याच कागदावर ठळक हवं. त्या दिवशी मंचावर मागितलेली एक्स्टेंशन वायर सहसा मिळत नाही.

स्कोअर: सगळ्यात जास्त अडचण इथेच

स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र छापलेली प्रत. तीन परीक्षक म्हणजे प्रत्येक रचनेचे तीन मूळ, छापील, पूर्ण स्कोअर. फोटोकॉपी चालत नाही. हा आयोजकांचा हट्ट नाही, स्वामित्वहक्काचा कायदा आहे, आणि विद्यापीठ त्यात ढिलाई करूच शकत नाही. रचना छपाईतून बाद झाली असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी सोबत जोडावी लागते, आणि ती यायला वेळ लागतो. जादा स्कोअर प्रकाशकाकडून किंवा संगीत विक्रेत्याकडून वेगळे मागवता येतात. रचना ठरली त्याच आठवड्यात मागवावेत.

प्रत्येक मापाला (बारला, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याला) क्रमांक घालणं बंधनकारक असतं आणि ते कंटाळवाणं काम पालकांकडे सोपवायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. आवृत्ती एकच हवी. जुन्या आणि सुधारित आवृत्तीत मापांची संख्या वेगळी असू शकते, आणि मग परीक्षक टिपणात '८७व्या मापात हॉर्न चढे आहेत' म्हणतो तेव्हा आपल्या प्रतीत तिथे हॉर्नला विश्रांती असते. दुसरं, पुनरावृत्तीचे पहिले आणि दुसरे शेवट तिन्ही प्रतींत एकाच रीतीने मोजलेले असावेत.

आता जे जवळपास सगळे विसरतात ते. तीन स्कोअर परीक्षकांकडे गेले, चौथा आपल्या डायरेक्टरच्या हातात. क्लिनिक घेणाऱ्याचं काय? तो डायरेक्टरच्या खुणांनी रंगलेल्या प्रतीवरून काम करतो किंवा आठवणीवर चालतो. त्याच्यासाठी पाचवी, स्वच्छ, क्रमांक घातलेली प्रत न्यावी. तिच्यावर एक चिठ्ठी लावावी: कोणत्या रचनेवर काम हवं आहे आणि कोणत्या मापांपासून. या एका प्रतीने क्लिनिकचा दर्जा डोळ्यांदेखत वाढतो.

तालवाद्यं

मोठी तालवाद्यं विद्यापीठ देतं: टिंपनी, बास ड्रम, चाइम्स, मरिंबा, झायलोफोन, व्हायब्राफोन, टॅमटॅम. स्नेअर, झांजा, किरकोळ वाद्यं आणि सगळ्या काठ्या, मॅलेट शाळेने आणायच्या. यादी मागवून ती रचनेतल्या वाद्यांशी ओळ न् ओळ ताडून पाहावी. मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य) किती सप्तकांचा हे विचारावंच. शाळांत आणि महोत्सवांत सर्रास आढळणारा ४.३ सप्तकांचा मरिंबा खाली फक्त ए पर्यंत जातो. भागात त्याखालचा सी लिहिलेला असेल तर पाच सप्तकांचाच लागतो, नाहीतर मुलाला ऐनवेळी ओळ वरच्या सप्तकात वाजवावी लागते.

टिंपनीचं, म्हणजे पेडलने सूर बदलता येणाऱ्या मोठ्या नगाऱ्यांचं, दुखणं निराळं. चार टिंपनी बहुधा ३२, २९, २६ आणि २३ इंचांच्या असतात, आकार ओळखीचेच. घात होतो पेडलमध्ये. बऱ्याच शाळांत स्प्रिंगच्या समतोलावर चालणारं पेडल असतं: पाऊल ठेवलं, दाबलं, सोडलं, पेडल तिथेच थांबतं. विद्यापीठाच्या व्यावसायिक दर्जाच्या टिंपनीला क्लचचं पेडल असू शकतं. त्यात घोट्याने क्लच सोडवल्याशिवाय पेडल हलतच नाही. ज्याने ते आधी पाहिलेलं नाही तो मुलगा पहिल्या सूरबदलाला अडकतो आणि चुकीच्या सुरावर वाजवत राहतो. शिवाय सूर दाखवणाऱ्या काट्यावर विसंबू नये. तो काटा दुसऱ्या कुणाच्या हातांनी, दुसऱ्या दिवसाच्या हवेत लावलेला असतो. टिंपनी वाजवणाऱ्याला इतरांच्या आधी मंचावर पाठवून प्रत्येक ड्रमवर कानाने सूर लावायला दोन मिनिटं द्यावीत. चांगले आयोजक ही मुभा देतात, फक्त आधी मागावी लागते.

वॉर्म-अप, थंड बोळ आणि चढता सूर

हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि फुंकवाद्याचा सूर चढतो. साधारण हिशेब असा की एका अंशाला तीन सेंट, आणि शंभर सेंटचा एक अर्धस्वर. वॉर्म-अपची खोली १८ अंशांवर आणि दिव्यांखालचा मंच २४ वर असेल तर कागदावर फरक अठरा सेंटांचा होतो. प्रत्यक्षात तो सगळ्या वाद्यांना सारखा पडत नाही, आणि गोम तिथेच आहे. बासरी, क्लॅरिनेटची नळी छोटी, श्वासाने पटकन तापते. ट्यूबाची लांबलचक नळी श्वासापासून दूर असते, ती आसपासच्या हवेबरोबर जाते आणि दहा मापांची विश्रांती मिळाली की परत गार पडते. ग्लॉकेनश्पीलच्या धातूच्या पट्ट्या मात्र जवळजवळ जागच्या हलत नाहीत. वॉर्म-अपमध्ये सगळे एकमेकांशी जुळलेले असतात आणि मंचावर पोहोचेपर्यंत तीन दिशांना पांगतात.

मधला बोळ हा सगळ्यात वाईट टप्पा. दरवाजे उघडे, थंड वारा, बँड पाच-दहा मिनिटं रांगेत उभा. तिथे आवाज न करता वाद्यातून उबदार श्वास फुंकत राहायला मुलांना शिकवावं, खासकरून ट्यूबा, युफोनियम आणि बॅरिटोन सॅक्सवाल्यांना. होल्स्टची १९०९ची ई फ्लॅटमधली पहिली सुइट महोत्सवांत नेहमी ऐकू येते. तिची सुरुवातच युफोनियम आणि ट्यूबा एकत्र आठ मापांची मूळ चाल वाजवतात, इतर सगळे गप्प. सभागृहातला पहिलाच सूर थंड ट्यूबातून उतरलेला निघाला तर वरून येणारं प्रत्येक वाद्य त्याच्याशी भांडत बसतं. अशी रचना निवडणाऱ्याने बोळातल्या त्या पाच मिनिटांचा विचार आधी करावा.

वॉर्म-अपच्या अर्ध्या तासात पूर्ण कार्यक्रम वाजवण्याचा मोह टाळावा. ओठ थकतात आणि मुलांची उत्सुकता तिथेच संपते. लांब सूर, एक कोराल (स्तोत्रासारखी संथ रचना), प्रत्येक रचनेची सुरुवात, शेवट आणि एखादी लयबदलाची जागा, एवढं पुरे. खोली लहान आणि घुमणारी असेल तर तिथला आवाज खरा मानू नये. तिथे मुलं आपोआप हळू वाजवतात, आणि मंचावर गेल्यावर आवाज अचानक कुठेतरी हरवल्यासारखा वाटून घाबरून जोर करतात.

सभागृह

शाळेच्या बँड रूममध्ये आवाज सेकंदभरही घुमत नाही. चांगल्या संगीत सभागृहात तो दोन सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. त्यामुळे बँड रूममध्ये टोकदार वाटणारी द्रुत लय इथे चिखल होते. लय थोडी आवरावी आणि तुटक सूर आणखी तुटक वाजवावेत. झांजा आणि बास ड्रम वाजवून लगेच हाताने थांबवावेत. मंचावर एखादं सप्तक वाजवायची परवानगी असेल तर ती सूर लावण्यात घालवू नये. एक मोठा बी फ्लॅट स्वरसंघ वाजवून कडक थांबवावा आणि मुलांना मागे रेंगाळणारं आवाजाचं शेपूट ऐकायला सांगावं. ती दोन सेकंद ऐकली की मुलं पुढच्या प्रत्येक विश्रांतीत थांबायला शिकतात. एरवी तेच शब्दांत समजवायला अर्धी तालीम जाते.

परीक्षकांची टिपणं आणि श्रेणी

परीक्षक सभागृहाच्या मध्यात किंवा बाल्कनीत वेगवेगळे बसतात आणि बँड वाजत असतानाच माइकमध्ये बोलतात. ध्वनिफीत नंतर मिळते. बँडचा आवाज मागे आणि बोलणं पुढे, त्यामुळे नेमकी जागा कळते. उत्तम परीक्षक कसा ओळखायचा? तो मापक्रमांक सांगतो, वाद्य सांगतो, कारण सांगतो आणि उपाय सांगतो: 'बेचाळीस, दुसरे ट्रम्पेट, श्वास मधेच तुटतोय, आळीपाळीने घ्या.' सुमार परीक्षक 'छान, आणखी दमदार, सूर सांभाळा' यावर थांबतो. आयोजक आधीच्या वर्षांच्या परीक्षकांची नावं जाहीर करतात. त्या नावांवरून महोत्सवाचा दर्जा फीच्या आकड्यापेक्षा जास्त कळतो. ध्वनिफितीची लिंक किती दिवस चालू राहील हे विचारून घ्यावं आणि त्याच रात्री उतरवून ठेवावी.

श्रेणी पाच: सुपीरियर, एक्सलंट, गुड, फेअर, पुअर. निकाल बहुतेक वरच्या दोनांत एकवटतात. म्हणूनच श्रेणीवर फार भर नको. बऱ्याच महोत्सवांत श्रेणीविना, फक्त टिपणांसाठी वाजवण्याचा पर्याय असतो. नवा डायरेक्टर, पहिल्यांदा येणारा बँड, किंवा कुवतीच्या एक पायरी वरची रचना घेतलेला बँड यांनी तोच घ्यावा. वरच्या श्रेणीच्या हट्टापायी ग्रेड तीनची (ग्रेड म्हणजे रचनेच्या अवघडपणाची पायरी) सोपी रचना चार महिने घोटून आणलेले बँड दिसतात. मुलांना ती पाठ झालेली असते आणि कंटाळाही आलेला असतो. परीक्षकांना ते ऐकू येतं.

क्लिनिक

इथेच वेळ द्यावा. चांगलं क्लिनिक कसं दिसतं याचं एक उदाहरण. बँडची रचना बी फ्लॅट मेजरच्या स्वरसंघावर संपते आणि तो शेवट खडबडीत वाटतो. मुलांचे ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारी यंत्रं, सगळे शून्यावर आहेत, तरी सूर थरथरतो. क्लिनिक घेणारा विचारतो, डी कुणाकडे आहे? दुसरे क्लॅरिनेट हात वर करतात, त्यांच्या कागदावर तो ई आहे. आल्टो सॅक्सवर तोच बी, कारण या वाद्यांचे स्वर कागदावर वेगळ्या नावाने लिहितात. तो आधी ट्यूबा आणि ट्रॉम्बोनकडून नुसता बी फ्लॅट धरायला लावतो, मग एफ चढवतो, आणि शेवटी क्लॅरिनेटना सांगतो: डी गाऊन दाखवा, आता तोच वाजवा, थोडा उतरवा, अजून थोडा. मेजर स्वरसंघातला तिसरा स्वर, इथे डी, ट्यूनरच्या शून्यापेक्षा साधारण चौदा सेंट खाली असतो तेव्हाच तो इतरांत मिसळतो. थरथर एकदम थांबते आणि साठ मुलांच्या माना वर होतात. चार मिनिटांचं काम. मुलांना कळतं की ट्यूनर हा सुरुवातीपुरता, पुढचं कानाने करायचं. डायरेक्टर हेच महिनाभर सांगत असतो, पण परक्या माणसाने सभागृहात ऐकवलेलं मनात बसतं.

बिघडलेलं क्लिनिकही लगेच ओळखू येतं: बोलणं जास्त, वाजवणं कमी. वीस मिनिटांत बँडने निम्मा वेळ तरी वाजवला पाहिजे. काही ठिकाणी क्लिनिकचा वेळ विद्यापीठाच्या प्रवेशाची माहिती देण्यात आणि ग्रुप फोटोत जातो. त्या गोष्टींना स्वतंत्र वेळ असावा. दुसरा दोष असा की क्लिनिक घेणारा पाच गोष्टींना हात घालतो आणि एकही तडीस जात नाही. त्यासाठीच चिठ्ठीत एक रचना आणि एक जागा लिहायची. क्लिनिक चालू असताना डायरेक्टरने बाजूला उभं राहून फोनवर ते मुद्रित करावं, मुलांना शिस्त लावत फिरू नये. त्या वीस मिनिटांत त्याला आपला बँड बाहेरून ऐकायला मिळतो. एरवी वर्षभर तो पोडियमवर असतो.

साइट-रीडिंग, म्हणजे न पाहिलेली रचना थोड्या मिनिटांच्या अभ्यासानंतर वाजवणं, हे राज्य पातळीवरच्या मूल्यमापनांत नेहमीचं आहे. विद्यापीठांच्या महोत्सवांत ते अनेकदा ऐच्छिक असतं. असेल तर घ्यावं, पण त्यासाठी क्लिनिक सोडू नये.

बाकी काय मिळतं

इतर बँड ऐकणं हा फुकटात मिळणारा आणि सगळ्यात जास्त वाया जाणारा भाग. डबे खाण्यात आणि बसमध्ये बसून राहण्यात तो निघून जातो. वेळापत्रक आखतानाच आपल्या आधीचे किंवा नंतरचे किमान दोन बँड पूर्ण ऐकायची सोय करावी, त्यातला एक आपल्याच आकाराच्या शाळेचा. फार वरच्या दर्जाचा बँड ऐकून लहान मुलं दबून जातात. आपल्याइतक्याच शाळेने तीच रचना वेगळ्या रीतीने वाजवलेली ऐकली की चर्चा बसमध्ये सुरू होते आणि थांबत नाही.

विद्यापीठाच्या प्राध्यापकांचे वाद्यनिहाय वर्ग असतील तर ओबो, बसून, हॉर्न यांच्या मुलांना आवर्जून पाठवावं, कारण शाळेत या वाद्यांचं शिकवणं सहसा तुटपुंजं असतं. या सगळ्यात विद्यापीठाचा स्वतःचा हेतू आहेच. त्यांना पुढचे विद्यार्थी हवे असतात. अकरावी-बारावीच्या मुलांना त्याचा फायदा होतो, त्यांना शिष्यवृत्तीच्या ऑडिशनची माहिती तिथेच विचारता येते. सहावी-सातवीच्या मुलांच्या वेळापत्रकातून मात्र कॅम्पसची फेरी वगळावी आणि तो तास सभागृहात घालवावा.

ज्या बँडमध्ये तालवाद्यांना पुरेशी मुलं नाहीत, किंवा क्लॅरिनेटच्या तीन भागांपैकी एक रिकामा आहे, त्यांनी जायला हरकत नाही. नोंदणीच्या अर्जात ते स्पष्ट लिहावं, म्हणजे परीक्षक नसलेल्या भागावर बोलण्यात वेळ घालवत नाहीत. ज्या शाळेची परीक्षा त्याच आठवड्यात आहे, किंवा बसचा प्रवास एका बाजूने तीन तासांहून जास्त आहे, त्यांनी सकाळची पहिली वेळ घेऊ नये. मुलं पहाटे उठून येतात आणि ओठ ताठ असतात. दुपारची वेळ मागावी, आणि ती मिळत नसेल तर आदल्या दिवशीचा मुक्काम धरून खर्च मांडावा.